पिग्मी कार्डावर लिहिलेली कादंबरी : काही महिन्यांच्या वापरानंतर

नोकरी आणि घर सांभाळून कादंबरीचा पहिला खर्डा ठरल्या तारखेला द्यायचा असेल, तर काय उपयोगी पडतं आणि काय नुसतं टेबलावर पडून राहतं, त्याचा हा अनुभव. वापरलेल्या गोष्टी तीन : रोजच्या लिखाणाच्या नोंदीसाठी पिग्मीच्या धर्तीवरचं कार्ड, किल्लीचा टायमर आणि फोनवर बोलून टाइप करायची सोय. सुरुवात थंडीत केली. कोल्हापूरच्या प्रकाशकांना गणपतीच्या आधी खर्डा हवा होता, तो वेळेत पोचला. त्यामुळं खाली लिहिलंय ते काम तडीस गेल्यावरचं आहे.

आधी कार्डाबद्दल, कारण खरं काम त्यानंच केलं.

बेळगाव-खानापूर भागात पिग्मी कुणाला समजावून सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, ही रोजची छोटी बचत ठेव. एजंट रोज दुकानात येतो, दहा-वीस-पन्नास जे असेल ते घेतो आणि कार्डावर तारीख, रक्कम टाकून सही करतो. पुढं सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या उडुपीच्या बँकेनं १९२८ साली ही ठेव सुरू केली, तेव्हा दिवसाला दोन आणेसुद्धा घेतले जायचे. मी एका पतसंस्थेत काउंटरला बसते. ही कार्डं दिवसभर माझ्या हातातून जातात. एखाद्या दिवशी भाजीवाल्या मावशींकडं पैसे नसले तर त्या तारखेसमोरची जागा कोरी राहते. दंड नाही, दुसऱ्या दिवशी दुप्पट भरा असं कुणी म्हणत नाही. कर्जाच्या हप्त्याचं तसं नसतं. तो चुकला की थकतो, थकला की त्यावर व्याज चढतं, आणि मग माणूस सोसायटीच्या दारावरून जायचंही टाळतो.

डेडलाइनवर लिहिणारी बहुतेक माणसं स्वतःला हप्ता लावून घेतात. रोज हजार शब्द ठरवले. दोन दिवस पै-पाहुण्यांत गेले. तिसऱ्या दिवशी डोक्यावर तीन हजार. चौथ्या दिवशी वही उघडायचाच धीर होत नाही, आणि लिहिण्याची गोडी जाते ती तिथं. म्हणून मी पहिल्या दिवशीच ठरवलं की या कामात थकबाकी नावाची गोष्ट ठेवायची नाही. आजचं आज. कालचं राहिलं ते राहिलं. हा एकच नियम कुणी घेतला आणि बाकीचं सगळं सोडून दिलं तरी चालेल, इतका तो मला मोलाचा वाटतो.

आता आकडा. इंटरनेटवर शोधलं की दिवसाला १,६६७ शब्द हा आकडा हमखास भेटतो. तो अमेरिकेतल्या ‘नॅनोरायमो’ या उपक्रमातून आलाय. १९९९ मध्ये सुरू झालेला, नोव्हेंबरच्या तीस दिवसांत ५०,००० शब्द लिहायचं आव्हान देणारा हा उपक्रम. त्या संस्थेनं २०२५ मध्ये काम थांबवलं, आकडा मात्र फिरतोच आहे. त्यानं जगभर किती तरी लोकांना लिहितं केलं, त्याबद्दल मला आदर आहे. पण तो आपल्याकडं जसाच्या तसा लावू नये. एक तर आपल्याकडचा नोव्हेंबर बघा. एक तारखेला सीमाभागातल्या मराठी माणसांचा निषेधाचा काळा दिवस, शहर तणावात. मग भाताची सुगी, माझ्या माहेरी तर त्या दिवसांत घरात माणूस सापडत नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई. आणि दुसरं म्हणजे मराठीत विभक्तीचे प्रत्यय, शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. इंग्रजीत तीन-चार सुटे शब्द लागतात तिथं आपला एकच भरतो. तेवढाच मजकूर लिहून मराठी लेखकाचा आकडा कमी दिसतो, आणि तो उगाच खचतो.

माझं गणित असं होतं. छापील पानावर साधारण २५० ते ३०० शब्द धरले, तर २०० पानांची कादंबरी ५०,००० ते ६०,००० शब्दांत बसते. दिवसाला ३०० शब्द, आठवड्यातले पाच दिवस, म्हणजे १,५००. चाळीस आठवड्यांत ६०,०००. तीनशे शब्द म्हणजे फुलस्केप वहीचं एखादं पान. ते कुणालाही जमतं. माझ्याकडं चाळीस आठवडे नव्हते, म्हणून माझं पान दीड झालं, बस्स. पण हे गणित मी फक्त रविवारी मांडायची. रोजच्या कार्डावर शब्द लिहायचेच नाहीत, मिनिटं लिहायची. किती वेळ खुर्चीत बसायचं ते माझ्या हातात असतं. त्या वेळात काय उतरेल ते नसतं. जे हातात नाही ते रोज मोजत बसलं की मन खट्टू होतं.

कार्ड आमच्या गल्लीजवळच्या प्रेसमधून पिग्मीच्याच मापाचं छापून घेतलं. चार रकाने : तारीख, मिनिटं, उद्या कुठून, सही. ‘उद्या कुठून’ हा रकाना मी स्वतः वाढवला. उठण्याआधी तिथं एक ओळ लिहायची, शक्यतो प्रसंग अर्ध्यावर असताना. ‘थोरली सून धोटा हातात धरून दारात, बाहेर कोण आलंय ते अजून दिसलेलं नाही’ एवढंच. (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा नेणारं साधन.) दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डोळ्यांवर झोप असताना कोऱ्या पानाशी झगडावं लागत नाही. ती बाई दारात उभीच असते, बाहेर कोण आलंय तेवढं लिहायचं. लिहायला घेताना जो जडपणा येतो त्यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय हाच.

सही माझे सासरे करायचे. त्यांना आम्ही मामा म्हणतो. बेळगावातल्या शहापूरच्या मागांवर त्यांचा जन्म गेला, आता हात थरथरतो. सकाळचा चहा दिला की कार्ड पुढं करायचं. ते चष्मा लावून विचारणार, “बसलीस काय गं आज?” मी हो म्हटलं की मिनिटांचा आकडा बघून फक्त नावाचं पहिलं अक्षर काढणार. काय लिहिलं, चांगलं झालं का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही, आणि मला वाटतं ह्या पद्धतीचं अर्धं बळ त्यातच आहे. सही करणारा माणूस मजकूर वाचणारा नसावा. वाचणारा माणूस मत देतो, आणि पहिल्या खर्ड्याला मत सोसत नाही. एकदा पाहुणे होते, मी बसलेच नाही. मामा म्हणाले, “असू दे की. खरं उद्या ये.” (आमच्याकडं ‘पण’च्या जागी ‘खरं’ येतं.) एवढ्यावर दुसऱ्या दिवशी बसले.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अँथनी ट्रोलॉप हा इंग्रज कादंबरीकार पोस्टखात्यात नोकरी करायचा. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसून, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द असा त्याचा शिरस्ता होता, आणि रोज किती पानं झाली त्याची तो डायरीत नोंद ठेवायचा. हे त्यानंच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय, ते त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आलं. त्याचा वेग माझ्या कामाचा नाही. पण नोकरीवर जायच्या आधीची वेळ आणि नोंद, या दोन गोष्टी दीडशे वर्षांनंतर बेळगावातही तेवढ्याच चालतात.

टायमर खडे बाजारातून आणला, साधा, गोल फिरवायचा, कंपनीचं नावही नसलेला. तो घ्यायचं कारण असं की फोन लिहायच्या खोलीत न्यायचाच नव्हता. आणखी एक फायदा पावसाळ्यात कळला. मृगापासून पुढं आमच्याकडं पाऊस लागून राहतो, पहाटे करंट जातो, पण किल्लीच्या टायमरला त्याचं काही नाही. मी हातानं लिहिते, तेव्हा बॅटरीचा दिवा आणि टायमर एवढ्यावर श्रावण निघाला. त्रास दोन. टिकटिक फार, म्हणून घडी घातलेल्या पंचावर ठेवावा लागतो. आणि काही महिन्यांनी त्याची स्प्रिंग सैल झाली, चाळीस मिनिटांचा काटा आता थोडा आधीच शून्यावर येतो. किंमत बघता तक्रार नाही.

तक्रार आहे ती पंचवीस मिनिटांच्या ठरीव मापाबद्दल. फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन माणसानं १९८० च्या दशकाच्या शेवटी, विद्यार्थी असताना, टोमॅटोच्या आकाराचा टायमर लावून ही पोमोडोरो पद्धत बसवली : पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. अभ्यासाला, हिशेबाला ती उत्तम. आमच्या ऑडिटच्या दिवसांत मी तीच वापरते. पण कादंबरीचा प्रसंग नव्यानं लिहिताना त्या घरात शिरायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. माणसं बोलायला लागतात आणि घंटा वाजते. मी ती चाळीस-पंचेचाळीसवर नेली, मध्ये विश्रांती नाही, दिवसाला एकच फेरी. दुसरी फेरी फक्त रविवारी. आता दुरुस्तीचं काम चाललंय त्याला मात्र पंचवीस मिनिटं नेमकी बसतात, कारण वाक्यं तासताना डोळा लवकर थकतो. पद्धत एकच, पण खर्ड्याला वेगळं माप आणि दुरुस्तीला वेगळं.

बोलून टाइप करण्याबद्दल थोडक्यात. हातानं लिहिलेली पानं संध्याकाळी फोनसमोर वाचायची, म्हणजे टायपिंगही होतं आणि स्वतःचं लिखाण एकदा कानावरूनही जातं. कुठं वाक्य लांबलंय ते वाचताना धाप लागली की समजतं. निवेदनासाठी हे छान चाललं. संवादांसाठी नाही. माझी माणसं ‘जायलोय’, ‘करायलीस’ असं बोलतात, बायका ‘मी येतो’ म्हणतात. फोनला ते कळत नाही, तो जवळचा भलताच प्रमाण शब्द टाकतो. त्यात शेजारचे पॉवरलूम चालू असले की सगळाच घोळ. संवाद मी हातानंच टाइप केले आणि इतर बेळगावकरांनाही तेच सुचवेन. आपली बोली वाचवायची तर तेवढे कष्ट घ्यावेत.

डेडलाइन जवळ आल्यावर काय केलं, हे जास्त महत्त्वाचं. सहा-सात आठवडे उरले तेव्हा रविवारच्या गणितात काम वेळेपेक्षा जास्त दिसायला लागलं. अशा वेळी माणूस मिनिटं वाढवतो, रात्री जागतो. मी मिनिटांना हात लावला नाही, कादंबरीला लावला. उरलेल्या प्रसंगांची यादी काढून प्रत्येकापुढं लिहिलं : हा नसला तर पुढचं कळेल का? कळेल असं आलं ते सगळे बाजूला. निपाणीच्या तंबाखू वखारीतल्या थोरल्या मुलीची अख्खी उपकथा अशी गेली. मला ती प्रिय होती आणि अजूनही आहे, तिची वेगळी वही केलीय. मुख्य गोष्ट त्यामुळं घट्ट झाली.

दुसरी गोष्ट, माहितीसाठी थांबायचं नाही. माझी कादंबरी १९२४ च्या डिसेंबरात सुरू होते, बेळगावात टिळकवाडीच्या बाजूला भरलेल्या काँग्रेस अधिवेशनात. गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेलं हे एकमेव अधिवेशन, आणि सभासदाची वर्गणी म्हणून महिन्याला २,००० यार्ड सूत द्यावं हा ठराव त्यातलाच. विणकराच्या घरात त्या सुताबद्दल काय बोलणं झालं असेल, हा माझा पहिला प्रसंग. तो लिहिताना शंभर प्रश्न येतात. मांडव कसा होता, अधिवेशनासाठी खणलेल्या विहिरीवर पाण्याला कुठली माणसं होती, शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, मग हद्द ओलांडून जाताना लोकांच्या मनात काय असायचं. प्रत्येक प्रश्नाला उठून वाचनालयात गेलं तर खर्डा जन्मात पुरा होत नाही. मी वहीत लाल पेनानं चौकट काढून ‘मांडव – विचारणे’ एवढं लिहून पुढं जायची. खर्डा संपला तेव्हा अशा चौकटींची यादी तयारच होती, आणि त्यातल्या कितीतरी प्रश्नांची उत्तरं कथेला लागतच नव्हती. उरलेल्यांसाठी आता शनिवारी दुपारी सार्वजनिक वाचनालयात बसते. १८४८ पासूनची ही संस्था गावात आहे, हे आम्हा बेळगावात लिहिणाऱ्यांचं भाग्य.

ही पद्धत सगळ्यांना नाही जमणार. ज्यांचा दिवस ठरलेला नाही, रात्रपाळी, फिरतीची नोकरी, त्यांना पहाटेची एकच फेरी धरता येणार नाही. त्यांनी वेळ सोडावी, कार्ड ठेवावं. घरात सही करणारं कुणी नसेल तर चहाच्या गाड्यावरचे मामाही चालतील, अट एवढीच की तो माणूस रोज भेटला पाहिजे. आणि अंगात आलं की सलग दहा-बारा तास लिहून आठवडाभर वही न उघडणारे लेखकही असतात, त्यांचं त्यांना बरोबर असेल. मला ते संसारात परवडणारं नव्हतं.

वस्तूंना गुण द्यायचे तर कार्डाला पाचपैकी पाच, टायमरला साडेतीन, बोलून टाइप करण्याला तीन. दुसऱ्या खर्ड्यासाठी कार्ड पुन्हा छापायला टाकलंय. ‘उद्या कुठून’ची जागा थोडी रुंद करून मागितलीय, आणि मामांना सही करायला सोपं जावं म्हणून शेवटचा रकानाही.