‘तुम्ही आमचे पार्टनर’ म्हणणाऱ्या कंपनीला माल देताना

भोसरी, चाकण, वाळूज, अंबड, शिरोली. कुठल्याही एमआयडीसीत मोठ्या कंपनीची पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) आली की शॉपमध्ये पेढे वाटले जातात. पीओचं मागचं पान मात्र कोणी वाचत नाही, आणि लहान पुरवठादार बहुतेक वेळा त्याच पानावर फसतो. पैसे बुडवून पळणारा भामटा ओळखता तरी येतो. इथे समोरची कंपनी नामांकित असते, पैसे उशिरा का होईना येतात, आणि तरी तीनेक वर्षांत शॉपची कॅश क्रेडिट (सीसी, बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) मर्यादा गळ्यापर्यंत आलेली असते. नेमकं काय होतं ते एका नमुन्याच्या व्यवहारावर पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पद्धत मात्र रोजची आहे.

प्रेस शॉप आहे, पत्रा दाबून सुटे भाग काढणारं. ब्रॅकेटचा रेट १२० रुपये ठरला. कंपनी म्हणते, महिना २५,००० नग लागतील. डायचा (भागाला आकार देणारा साचा, म्हणजेच टूल) खर्च १८ लाख. पर्चेसवाले सांगतात, “साहेब, टूलचे पैसे वेगळे कशाला? नगामागे ६ रुपये धरा, ३ लाख नगांत वसूल. वर्षभराचा प्रश्न.” गणित बरोबर आहे, पण २५,००० हा आकडा पीओत कुठेच नसतो. तिथे ‘अंदाजे’ असतं, आणि मागच्या पानावर ‘अंदाज ही खरेदीची हमी नाही’ असं कलम असतं. प्रत्यक्षात शेड्यूल येतं १०,००० नगांचं. म्हणजे वसुलीला ३० महिने. मध्येच, १८ व्या महिन्यात, मॉडेल बंद झालं तर १ लाख ८० हजार नगांवर १० लाख ८० हजार सुटले आणि ७ लाख २० हजार बुडाले. डाय विकून काही मिळावं, तर ती पीओच्या अटीप्रमाणे कंपनीच्या मालकीची. उलट ती तुमच्याच शॉपमध्ये फुकट सांभाळायची.

यावर उपाय दोनच, आणि दोन्ही डाय बनवायला टाकण्याआधीचे. एक, टूलची वेगळी पीओ: अर्धी रक्कम आगाऊ, उरलेल्यातला मोठा हिस्सा सॅम्पल मंजुरीला, बाकी पहिल्या लॉटनंतर. दोन, नगावर वसुली करायचीच असेल तर पीओत एक ओळ: ‘अमुक महिन्यांत ३ लाख नग न उचलल्यास टूलची शिल्लक एकरकमी द्यावी.’ ही ओळ घालायला कंपनी तयार नसेल, तर २५,००० वर तिचाच विश्वास नाही.

रेटमध्येही दोन भोकं असतात. पहिलं स्क्रॅपचं. नगाचं ग्रॉस वजन १.२ किलो, नेट ०.९, उरलेल्या ३०० ग्रॅम स्क्रॅपची किंमत कंपनी रेटमधून वजा करते. वजा करताना भाव आपल्या तक्त्यातला धरते, तुम्हाला भंगारवाला देतो त्याहून समजा किलोला ४ रुपये जास्त. नगाला १ रुपया २० पैसे गेले, म्हणजे किमतीच्या नेमका एक टक्का. दुसरं भोक स्टीलच्या भावाचं. भाव उतरला की फरक मागच्या तारखेपासून कापला जातो; चढला की ‘पुढच्या क्वार्टरला बघू’. दोन्ही बाजूंना एकच तारीख आणि एकच भावसूची, हे कोटेशनमध्येच लिहून घ्यायचं. आणि दरवर्षी २ टक्के कॉस्ट डाउन मान्य केलं असेल, तर तिसऱ्या कपातीनंतर १२० चे जवळपास ११३ होतात. मजुरी आणि वीजबिल तेव्हा कुठे असेल त्याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

खरं दुखणं पेमेंटचं आहे. महिन्याला १०,००० नग म्हणजे १२ लाख, वर १८ टक्के जीएसटी, बिल १४ लाख १६ हजारांचं. कायद्याने जास्तीत जास्त ४५ दिवस. कंपनी १२० दिवसांनी देते. जास्तीचे ७५ दिवस म्हणजे अडीच महिन्यांचं बिलिंग, ३५ लाख ४० हजार, कायमचं अडकून पडलं. सीसीवर ११ टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज ३ लाख ८९ हजार. वार्षिक विक्री १४४ लाखांची, म्हणजे २.७ टक्के नुसते वाट पाहण्यात गेले. ज्या धंद्यात सहा टक्के सुटतात तिथे हा जवळपास अर्धा नफा. शिवाय मासिक रिटर्न भरणाऱ्याला इनपुट वजा जाता उरलेला जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरावा लागतो, कंपनीचे पैसे आलेले असोत वा नसोत. आणि बऱ्याच बँका ९० दिवसांवरची येणी ड्रॉइंग पॉवरमध्ये (सीसीतून किती उचलता येईल त्या हिशेबात) धरत नाहीत. ज्या बिलांमुळे पैशाची चणचण आहे, त्याच बिलांवर कर्ज मिळत नाही.

वरच्या मजल्यावर याला वर्किंग कॅपिटलचं धोरण म्हणतात. देणी देण्याचे सरासरी दिवस वाढले की ताळेबंदात रोख जास्त दिसते, आणि त्यावर कोणाचा तरी बोनस ठरलेला असतो. यात नवीन मूल्य काहीच तयार होत नाही. कंपनीला बँक ८ टक्क्यांनी देत असेल, तर त्या ३५ लाख ४० हजारांवर तिचे वाचले २ लाख ८३ हजार. तुमचे गेले ३ लाख ८९ हजार. मधला लाखभराचा फरक बँकेने खाल्ला. हा लाख पुढे कुठेतरी निघतोच: स्वस्त ग्रीसमध्ये, लांबवलेल्या डाय मेंटेनन्समध्ये, नाहीतर पुढच्या कोटेशनमध्ये.

हे धोरण टोकाला नेलं की काय होतं, ते ब्रिटनमधल्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीने दाखवलं. वेळेवर पैसे देण्याच्या स्वेच्छा संहितेवर तिची सही होती, आणि पुरवठादारांना अट होती १२० दिवसांची. लवकर हवे असतील तर बँकेच्या योजनेतून घ्या, पण कट देऊन. जून २०१७ मध्ये तिने सुमारे ५.५ कोटी पौंडांचा लाभांश वाटला, जुलैत ८४.५ कोटी पौंडांच्या तरतुदीची कबुली दिली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती कोसळली. तेव्हा रोख उरली होती २.९ कोटी पौंड, आणि सुमारे ३०,००० पुरवठादारांचं जवळजवळ २०० कोटी पौंडांचं येणं. ग्राहक अचानक पेमेंटचे दिवस वाढवतो तेव्हा ते निव्वळ दादागिरी असेलच असं नाही. त्याचं घर आतून पोखरलं असल्याचीही ती खूण असू शकते.

आपल्याकडचा कायदा कागदावर चांगला कडक आहे. एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायदा २००६, कलम १५: लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवस, असेल तर कितीही लिहिलं तरी कमाल ४५. पीओवरच्या ‘१२० दिवस’ या अटीला सूक्ष्म आणि लघु उत्पादकांपुढे किंमत नाही. कलम १६: उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. बँक रेट ५.५ टक्के धरला तर १६.५ टक्के, १० लाखांवर ७५ दिवसांचे साधारण ३४,७०० रुपये. त्यात आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून: मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही, पैसे देईल त्या वर्षी मिळते. यात मध्यम उद्योग बसत नाहीत. आणि निव्वळ व्यापारी उद्यम नोंदणी (सरकारी पोर्टलवरची एमएसएमई नोंदणी) असूनही विलंबाच्या या तरतुदींचा हक्क सांगू शकत नाहीत, हे अनेकांना दावा फेटाळल्यावर कळतं.

कायदा कडक म्हणून पळवाटाही तयार झाल्या.

सगळ्यात सोपी म्हणजे उद्यम नोंदणीच कंपनीच्या दप्तरी येऊ न देणं. व्हेंडर फॉर्मवर ‘एमएसएमई: लागू नाही’ अशी खूण करून आणली जाते, किंवा तोंडी सांगतात की नोंदणी रद्द करा, नाहीतर काम दुसऱ्याला जाईल. तोंडीच, ईमेलवर कधीच नाही. अशा वेळी उद्यम प्रमाणपत्र ईमेलने पाठवून ‘व्हेंडर मास्टरमध्ये नोंद करावी’ असं लिहावं, आणि प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापावा. नोंदणी पहिल्या डिलिव्हरीच्या आधीची हवी. पुरवठ्यानंतर नोंदणी करून मागच्या बिलांना लाभ मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं होतं. २०२५ मध्ये नोंदणीचा मुद्दा मोठ्या पीठाकडे गेला आहे, पण त्या भरवशावर राहू नये.

दुसरी पळवाट तारखेची. माल गेटवर ३ तारखेला उतरतो, जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची पावती) २४ ला बनतं, आणि अकाउंट्स दिवस मोजतात जीआरएनपासून. कधी फोन येतो, ‘बिल पुढच्या महिन्याचं करून द्या ना.’ करू नका. कायदा सांगतो की डिलिव्हरीपासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर डिलिव्हरीचा दिवस हाच स्वीकाराचा दिवस. म्हणून गेट इनवर्डचा शिक्का, तारीख आणि वेळ असलेली चलनाची प्रत हा सगळ्यात किमती कागद. ड्रायव्हरला सांगून ठेवायचं: शिक्का घेतल्याशिवाय गाडी हलवायची नाही. सोबत ई-वे बिल, वजनकाट्याची पावती, आणि उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर ई-इनव्हॉइसचा आयआरएन (पोर्टलने दिलेला बिलाचा नोंदणी क्रमांक). आयआरएन २४ तासांनंतर पोर्टलवर रद्द होत नाही, हे फोन करणाऱ्याला नम्रपणे सांगता येतं.

तिसरी, डेबिट नोट, म्हणजे तुमच्या बिलातून कपात केल्याचा कंपनीचा कागद. चार महिन्यांनी हिशेब मागितला की समजतं, रिजेक्शनचे ३८,००० कापले. नग कुठे आहेत? ‘डेव्हिएशनवर लाइनला वापरले.’ म्हणजे माल गाडीत बसला आणि पैसेही कापले. अशा डेबिटला सात दिवसांत लेखी नकार द्यावा आणि नग परत मागावेत, लाल टॅग व तपासणी अहवालासह. नग आले नाहीत तर डेबिट मान्य नाही, आणि तोवर कपात मान्य करणारी क्रेडिट नोट काढायची नाही. दर तिमाहीला खातेउताऱ्यावर सही-शिक्का घ्यावा. येणं मान्य असल्याची लेखी कबुली पुढे मुदतीच्या प्रश्नातही कामाला येते.

चौथी पळवाट बिल डिस्काउंटिंगच्या (बिलावर कट देऊन फायनान्सरकडून लवकर पैसे घेण्याच्या) नावाने येते. ट्रेड्स (TReDS) या बिल डिस्काउंटिंगच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर कंपनीने बिल स्वीकारलं की फायनान्सरला तुमच्याकडे परत येता येत नाही, ही त्यातली खरी सोय. पण बिल ४० व्या दिवशी स्वीकारून पुढच्या ८० दिवसांचं व्याज तुमच्या माथी मारलं, तर तोच जुना १२० दिवसांचा खेळ. व्याज कोण सोसणार ते आधी ठरवा. ट्रेड्सबाहेर कंपनीने ‘आमच्या बँकेशी’ लावून दिलेल्या योजनेत तर करार नीट वाचा; रिकोर्सची अट असेल आणि कंपनीने पैसे दिले नाहीत, तर बँक तुमच्या खात्यातून उचलते.

ऑर्डर घेण्याआधी ग्राहक तपासणं तासाभराचं काम आहे. वार्षिक अहवालातली ट्रेड पेयेबल्सची (पुरवठादारांच्या देण्यांची) टीप उघडा. सूक्ष्म-लघु उद्योगांचं देणं तिथे वेगळं दाखवावं लागतं, किती जुनं आहे त्या तक्त्यासह. शेकडो लहान व्हेंडर असलेल्या कंपनीने तिथे शून्य दाखवलं असेल, तर बहुधा तिने कोणाला लघु म्हणून नोंदवलेलंच नाही. एकूण देणी भागिले वर्षाची खरेदी, गुणिले ३६५: हे पेमेंटचे खरे दिवस. मोठ्या सूचीबद्ध कंपन्यांच्या बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवालात हा आकडा आयताच मिळतो. आकडा ११० असताना पर्चेसवाला ४५ म्हणत असेल, तर १२० चा रेट १२० समजू नका. त्यातून आधी हे व्याज वजा करा, मग हो-नाही ठरवा.

तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या पेमेंटचे वाद ऐकणारी, याच कायद्याखालची यंत्रणा) ऑनलाइन करता येते. पीओ, बिलं, शिक्क्याची चलनं, खातेउतारा आणि व्याजाचा तक्ता लागतो. कायद्यात ९० दिवसांची मुदत आहे; प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. पण निकाल तुमच्या बाजूने लागला तर त्याला आव्हान देण्याआधी कंपनीला ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि तडजोडीची बोलणी बहुतेक तिथेच सुरू होतात. पीओत वेगळं लवादाचं कलम असलं तरी कौन्सिलचा मार्ग बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. ऑर्डर जाईल या भीतीने बहुतेक जण थांबतात, आणि ती भीती खोटी नाही. पण थांबायचं किती, यालाही मर्यादा आहे: मुदतीबाहेरच्या येण्यावर कौन्सिलपुढे समेटाची बोलणी होऊ शकतात, लवाद मात्र होत नाही, असा निकाल जुलै २०२५ मध्ये आला. त्यामुळे सर्वात जुन्या न मिळालेल्या बिलाची देय तारीख काढा, त्यात तीन वर्षं मिळवा आणि ती तारीख सीएला आजच कळवून ठेवा.