कोचने कोणती आचारसंहिता स्वीकारावी: आयसीएफची की जागतिक?

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील कंपनी व्यवस्थापकासाठी कोच (संवादातून त्याच्या कामातील प्रगतीला मदत करणारा व्यावसायिक) नेमते, तेव्हा शुल्क कंपनी भरते आणि मन मात्र व्यवस्थापक मोकळे करतो. म्हणूनच कोणती माहिती कोणापर्यंत जाईल हे आधीच स्पष्ट ठरवण्याचा आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) या कोचच्या संघटनेच्या आचारसंहितेचा आग्रह मला मोलाचा वाटतो, विशेषतः गोव्यात, जिथे कोच आणि साहेब एकाच जत्रेत भेटू शकतात. संहिता मोडणाऱ्या सदस्याविरुद्ध तक्रारही करता येते.

ईएमसीसी (युरोपियन मेंटॉरिंग अँड कोचिंग कौन्सिल) आणि असोसिएशन फॉर कोचिंग या संघटनांनी २०१६ मध्ये आणलेली जागतिक संहिता मेंटॉरनाही, म्हणजे अनुभवी मार्गदर्शकांनाही, सामावून घेते आणि नियमित पर्यवेक्षणाची, म्हणजे आपले काम जाणकारासमोर मांडून तपासून घेण्याची, अपेक्षा ठेवते. पणजीत नवउद्योजकांना विनामूल्य सल्ला देणाऱ्या निवृत्त बँक अधिकाऱ्याला हीच अधिक लागू पडेल. शुल्क घेणाऱ्या कोचने मात्र आयसीएफची स्वीकारावी.