खुरकूत लसीचा गावातला कॅम्प: पाचपैकी साडेतीन

लस फुकट आहे, घरापाशी येऊन टोचतात, बाटली आइस बॉक्समधून आपल्यासमोर काढतात, इथवर एक नंबर काम. पण टायमिंगचं काही समजून नाही राहिलं बा! टीम येते अकराला, तवर गुराखी ढोरं घेऊन जंगलाकडं गेलेला असते, मग कोठ्यात सापडते एक म्हैस अन् वासरू, त्यांना टोचून कानात बिल्ला ठोकून मोकळे. खरी गरज चरणाऱ्यांना, कारण त्याच नाल्यावर चितळ, सांबर, गवे येतात अन् लाळ्या-खुरकूत दुभंगलेल्या खुराच्या सगळ्यांनाच होते, ढोरांकडून हरणांना पण जाऊ शकते.

तिकडं अमेरिकेत हरणांच्या कळपात सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, यात मेंदू खराब होऊन हरीण झिजत झिजत मरते) नावाचा वेगळाच रोग आहे, त्याला लसच नाही, शिकारी लोकं आधी सॅम्पल लॅबला देतात, रिपोर्ट आल्यावर मटण खातात. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं शिकारच बंद (चोरून मारणाऱ्यांना कोण रिपोर्ट देणार म्हणा), म्हणून जे करायचं ते ढोरांपासूनच.

सहा महिन्यांनी पुन्हा डोस लागते, तेव्हा सकाळी सातला या, दीड स्टार वाढवून देतो.