लॉरेन्सच्या काचांवरचं कॉर्क: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या वेबसाइटवरचा जुन्या फोटोंचा लॉरेन्स संग्रह मी आठ महिने जवळजवळ रोज उघडते आहे. आयर्लंडमधल्याच कॉर्क शहरात राहायला आले तेव्हा त्याची ओळख व्हावी म्हणून बघायला लागले, आता रविवारची सकाळ त्यातच जाते. फोटो बघायला पैसे लागत नाहीत.

संग्रह सुमारे ४०,००० काचेच्या निगेटिव्हचा आहे. विल्यम लॉरेन्स यांचं डब्लिनमध्ये फोटोंचं दुकान होतं आणि गावोगावची दृश्यं टिपण्याचं काम मुख्यतः रॉबर्ट फ्रेंच यांनी केलं. ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६च्या उठावात ते दुकान लुटलं गेलं, जळलं. माणसांच्या पोर्ट्रेटच्या काचा तिथेच गेल्या. दृश्यांच्या काचा दुसरीकडे ठेवलेल्या होत्या म्हणून वाचल्या. एका शहराची आठवण अशा योगायोगावर टिकावी, याचं मला अजून नवल वाटतं.

नेमकी तारीख मात्र बहुतेक फोटोंना नाही. पहिले दोन महिने मी यानेच वैतागले होते, पण खरी गोडी तिथूनच लागली. पॅट्रिक स्ट्रीटवर, म्हणजे शहराच्या मुख्य रस्त्यावर, डोक्यावर ट्रामची तार दिसली की फोटो १८९८ नंतरचा. अँगलसी स्ट्रीटवर कार्नेगी ग्रंथालय उभं दिसलं की १९०५च्या आसपासचा किंवा त्यानंतरचा. पॅट्रिक स्ट्रीटच्या पुलाकडच्या टोकाला दारूविरोधी चळवळ चालवणाऱ्या फादर मॅथ्यूंचा पुतळा आहे, पण तो १८६४चा, जवळजवळ सगळ्या फोटोंच्या आधीचा, त्यामुळे त्याचा फार उपयोग होत नाही. मोठं करून बघितलं की शाल पांघरलेल्या बायका, अनवाणी पोरं दिसतात. जो चालत होता तो धुरकट रेघ होऊन उरला, जो थांबला त्याचा चेहरा स्पष्ट आला.

एकदा मी त्याच पुतळ्यापाशी, पुलाकडे पाठ करून, फोन समोर धरून उभी राहिले. उजव्या हाताच्या काही इमारतींच्या वरच्या खिडक्या फोटोशी जुळल्या. डावीकडे काहीच जुळेना. आयर्लंडच्या स्वातंत्र्ययुद्धात, ११ डिसेंबर १९२०च्या रात्री, ब्रिटिश दलांनी शहराचा हा भाग पेटवला. चाळीसहून जास्त दुकानं गेली, नदीपलीकडचं सिटी हॉल आणि तेच कार्नेगी ग्रंथालयही गेलं. हे मी वाचलेलं होतं. पण हातातल्या फोटोत तेव्हा जळालेल्या मन्स्टर आर्केड या दुकानाची पाटी आणि समोर दुसरीच भिंत, असं बघितल्यावर पोटात कालवलं.

पॅट्रिक स्ट्रीट असा वळणदार का, तेही मला याच नादात कळलं: खाली ली नदीचा बुजवलेला फाटा आहे. साउथ मॉलवर काही घरांना उंच पायऱ्या चढून जावं लागतं. त्या पायऱ्यांखालच्या कमानींत पूर्वी होड्या लागत.

एक तक्रार आहे, पण ती संग्रहाबद्दल नाही. एका दुकानातून घेतलेली जुन्या फोटोची फ्रेम घरी आणली, तर डावीकडे हवा तो शँडनच्या चर्चचा मनोरा पुलाच्या उजवीकडे! काच उलटी ठेवून छापलेली प्रत. पाटी नसलेलं दृश्य असेल तर विकत घेण्याआधी मूळ फोटोशी ताडून बघा.

मोबाइल फक्त रस्त्यावर जुळवण्यापुरता वापरा, घरी मोठ्या पडद्यावरच बघा. आणि सुरुवात वरच्या मजल्यांपासून करा. तळमजल्यावरची दुकानं सगळीकडे बदललीत, वरच्या खिडक्या बऱ्याच जागी अजून फ्रेंच यांनी टिपल्या तशाच आहेत.