थ्री-इन-वन क्ले फेसवॉश : ट्यूबवर 'रोज' लिहिलंय, मी आठवड्यातून दोनदाच लावतो

आधीच सांगून ठेवतो, मी काय स्किनकेअरवाला माणूस नाही. पस्तिशीपर्यंत अंगाला जो साबण तोच तोंडाला, दिवाळीला उटणं, संपला विषय. पण कळव्याहून रबाळे एमआयडीसी रोज बाइकने, म्हणजे विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून घुसायचं मग दिघा मग ऐरोली, ठाणे-बेलापूर रोडवर ट्रकच्या मागे मागे धूळ खात, डोक्यावर फुलफेस हेल्मेट आणि वर एप्रिलचं ऊन. ऑफिसला पोचून हेल्मेट काढलं की कपाळ असं चमकायचं की कॅन्टीनच्या मावशी म्हणायच्या, दादा, तेल संपलं तर तुमच्याकडेच येते. हनुवटीला जिथे पट्टा घासतो तिथे बारीक बारीक पुळ्या. आणि गाल मात्र कोरडे ठक्क, दाढी केली की कातडी ओढल्यासारखी व्हायची. ताई आली होती माहेरी, तिने बघून डायरेक्ट निदान केलं, अरे तुझी कॉम्बिनेशन स्किन आहे, क्लेवालं काहीतरी लाव, हा अंगाचा साबण फेक आधी.

तर ठाणे स्टेशनजवळच्या एका कॉस्मेटिकच्या दुकानातून घेतलं. १०० ग्रॅमची ट्यूब, छापील ३४९, मला ३१० ला पडली. ट्यूबवर मोठ्ठं थ्री-इन-वन, म्हणजे फेसवॉश म्हणून वापरा, स्क्रब म्हणून वापरा, नाहीतर लावून ठेवा की मास्क. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण अशा ट्यूब आता बऱ्याच कंपन्यांच्या मिळतात आणि आतला माल उन्नीस-बीस सारखाच असतो, त्यामुळे जे लिहितोय ते बहुतेक सगळ्यांना लागू पडेल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर रोज दोन टाइम वापरा, आठवड्यात फरक. फरक पडला, तो पुढे सांगतो.

मागचं बारीक अक्षर वाचता येईना म्हणून मोबाइलने फोटो काढून झूम केला. ही सवय लावून घ्या कारण यादीत साधारणपणे जे आधी ते जास्त, जे शेवटी ते नावाला. माझ्या ट्यूबमध्ये पाणी, केओलिन, ग्लिसरीन, बेंटोनाइट, मग चार-पाच न वाचता येणारी नावं, मग सॅलिसिलिक अॅसिड, आणि पार शेपटीला मेन्थॉल आणि नीम एक्स्ट्रॅक्ट. ट्यूबवर चित्र मात्र नीमच्या पानांचंच, केओलिनचं चित्र कोण काढणार म्हणा. केओलिन आणि बेंटोनाइट म्हणजे सरळ माती, तेल शोषून घेणारी. त्यात केओलिन जरा सौम्य, बेंटोनाइट पाण्यात फुगते आणि जास्त ओढते. सॅलिसिलिक अॅसिड तेलात विरघळतं म्हणून ते छिद्राच्या आत जाऊन तिथला चिकट बोळा सैल करू शकतं, पुळ्यांसाठी कामाचं तेच. मेन्थॉलमुळे नुसतं गार वाटतं, तोंड काही खरंच गार होत नाही, आणि गार वाटलं म्हणजे स्वच्छ झालं असंही नाही. पण खरं सांगतो, एप्रिलमध्ये संध्याकाळी घरी येऊन ते लावलं की पहिली दोन मिनिटं जे वाटतं ना, त्यासाठीच अर्धे लोक विकत घेत असतील.

आईचं म्हणणं वेगळंच. "तीनशे रुपये देऊन माती आणलीस? मुलतानी माती आणायची जांभळी नाक्यावरून, गुलाबपाण्यात कालवायची." आता गंमत अशी की आई तत्त्वतः बरोबर आहे. मुलतानी मातीला इंग्रजीत फुलर्स अर्थ म्हणतात, आणि फुलर म्हणजे लोकरीचं कापड धुणारे, ते ही माती लावून लोकरीतलं मेंढीचं तेल काढायचे. म्हणजे मातीने तेल ओढायची आयडिया शेकडो वर्षं जुनी. फरक इतकाच की नुसती मुलतानी माती जाम कोरडं करते, ट्यूबमध्ये ग्लिसरीन असतं म्हणून ते जरा सुसह्य. आणि कालवायचा कंटाळा, वाटी धुवायचा कंटाळा. हे मी आईला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे तीनशे रुपये आळसाचे. बरं.

पहिला आठवडा एकदम भारी. सकाळ-संध्याकाळ पूर्ण तोंडाला, संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं ठेवायचो, कडक वाळेपर्यंत, कारण मला वाटायचं जितकं ताणतंय तितकं काम चालू आहे. धुतल्यावर तोंड नव्या स्टीलच्या ताटासारखं करकरीत. दुपारी दोनपर्यंत कपाळ कोरडं राहायला लागलं, मावशींनीही नोटीस केलं. दुसऱ्या आठवड्यात नाकाच्या बाजूला आणि गालांवर पापुद्रे सुटायला लागले, सनस्क्रीन लावलं की चरचरायचं. मी समजलो आतली घाण बाहेर पडतेय. म्हणून अजून जास्त लावलं. हुशारी बघा.

आणि मग तो शुक्रवार. सुट्टी टाकली होती, दुपारी निवांत तोंडाला थापून बसलो, मोबाइलवर मॅच. वीसेक मिनिटं झाली असतील. ओठाच्या बाजूची माती तडकायला लागली, हसलं की तुकडे पडत होते, उठलो, बेसिनचा नळ सोडला तर फुस्स. पाण्याचा शटडाऊन, सोसायटीच्या ग्रुपवर सकाळीच मेसेज होता, वाचलाय कोणी. आणि त्याच वेळी बेल. वरच्या मजल्यावरच्या काकू चैत्राच्या हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला. दार मीच उघडलं ना! काकू एक पायरी मागे गेल्या. मग म्हणाल्या, "अगंबाई, तू होय! आईंना सांग सहा वाजता या म्हणून." मी तोंड न हलवता हो म्हणायचा प्रयत्न केला तर हनुवटीवरचा एक पोपडा त्यांच्या चपलेवर पडला. आत आई पिण्याचं पाणी द्यायला तयार नाही, "रात्रीपर्यंत पुरवायचंय ते," शेवटी एक वाटी पाणी आणि ओला पंचा मिळाला. त्या पंचाने मी वाळलेली माती रगडून रगडून काढली, म्हणजे सँडपेपरच मारला समजा. रात्री दोन्ही गाल लालभडक, उशीला टेकवता येईनात.

सोमवारी नौपाड्यातल्या स्किनच्या डॉक्टरांकडे. ट्यूब घेऊनच गेलो होतो. त्यांनी उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, माल वाईट नाहीये, तुम्ही वापरताय चुकीचं. तेल बनवणाऱ्या ग्रंथी हार्मोनच्या हिशोबाने चालतात, वरून कितीही घासलं तरी कारखाना बंद होत नाही, तुम्ही फक्त वरचा थर काढून कातडीचं कुंपण मोडताय. तोंड दिवसातून दोनदा धुवा, फार घाम आला तर अजून एकदा, तेही साध्या सौम्य फेसवॉशने. माती आठवड्यातून दोनदा, आणि जिथे तेल आहे तिथेच. दोन आठवडे सगळं बंद, फक्त साधा फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन. मी म्हटलं, डॉक्टर, आधीच एवढं तेल, वर परत मॉइश्चरायझर? तर म्हणाले, गाल कोणाचे आहेत, तुमचेच ना.

गाल शांत झाल्यावर जूनमध्ये परत चालू केलं, पण यावेळी डोकं लावून. आधी एक टेस्ट केली जी कोणीही घरी करू शकतं, साध्या फेसवॉशने तोंड धुवायचं, तासभर काहीही लावायचं नाही, मग टिश्यू पेपरचे तुकडे कपाळ, नाक, हनुवटी आणि गालांवर दाबून बघायचे. माझ्या कपाळाचा आणि नाकाचा तुकडा वडापावच्या कागदासारखा पारदर्शक, गालांचा कोरा करकरीत. मग गालाला माती कशाला? तेव्हापासून कपाळ, नाक, हनुवटी बस्स, ज्याला ताई टी-झोन म्हणते. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी. आधी तोंड ओलं करायचं, पातळ थर लावायचा, आणि पाच मिनिटं. घड्याळ लावून. आरशात बघितलं तर नाकावर थर वाळायला लागताना बारीक गडद ठिपके उमटतात, सुईच्या टोकाएवढे, ते मातीने ओढलेलं तेल, ते दिसायला लागलं आणि कडा फिक्या पडायला लागल्या की झालं काम, तडकायची वाट बघायची नाही. मग ओल्या बोटांनी आधी भिजवून लोणी करायचं आणि मग धुवायचं, रगडायचं नाही. आणि बादलीत पाणी आहे का ते बघूनच ट्यूब उघडायची, हे वेगळं सांगायला नको.

या पद्धतीने मास्क म्हणून याला मी पाचपैकी चार देतो. रोजचा फेसवॉश म्हणून दोन, तेही मेन्थॉलचे. स्क्रब म्हणून शून्य, त्यात जे कण आहेत ते पुळ्यांवर घासायची काही गरज नाही.

काय झालं आणि काय नाही ते सांगतो. कपाळाची चमक लावलेल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कमी, मग परत मूळपदावर, हे असंच राहणार. पुळ्या निम्म्याच्या वर कमी झाल्या, पण त्यात एकट्या ट्यूबचं क्रेडिट नाही, हेल्मेटचं आतलं अस्तर निघतं आणि धुता येतं हे मला पाच वर्षांत माहीत नव्हतं, ते पहिल्यांदा धुतलं तेव्हा बादलीतलं पाणी चहासारखं झालं. आता दर रविवारी अस्तर धुतो आणि हनुवटीच्या पट्ट्याखाली सुती रुमाल. नाकावरचे काळे ठिपके मात्र जैसे थे. दोन दिवस फिके दिसतात आणि परत हजर. त्यातले बरेचसे म्हणे ब्लॅकहेड नसतातच, छिद्रातलं नॉर्मल तेलच असतं ते, रिकामं केलं तरी परत भरतं. आणि खऱ्या ब्लॅकहेडचा काळा रंगसुद्धा धुळीचा नाही, हवा लागून काळं पडलेलं असतं ते. इतकी वर्षं मी ठाणे-बेलापूर रोडला शिव्या घालत होतो, म्हणजे धुळीबद्दल अजूनही घालतो, पण नाकाबद्दल नाही.

दाढीवाल्यांनी जपून. दोन दिवसांच्या खुंटांत ही माती अशी अडकते की वाळल्यावर पांढरे मणी ओवल्यासारखं दिसतं आणि कितीही धुतलं तरी ऑफिसच्या ट्यूबलाइटखाली कोणीतरी विचारतंच, चुना लागलाय का? मी आता दाढी केलेल्या दिवशी लावतच नाही, चरचरतं, आणि वाढलेली असेल तेव्हा हनुवटी सोडून देतो. म्हणजे बुधवारी लावायचं तर मंगळवारी दाढी, असं सगळं गणित बसवलंय. डोळ्यांपासून लांब ठेवा, मेन्थॉल डोळ्यात गेलं की पाणी थांबत नाही. नवीन ट्यूब असेल तर आधी कानाखाली जबड्याजवळ थोडं लावून एक दिवस थांबा. आणि डॉक्टरांनी रात्रीची पुळ्यांची क्रीम दिली असेल तर त्याच रात्री माती नको, मला तरी तसंच सांगितलंय.

तक्रारी पॅकिंगबद्दल आहेत. तोंडाशी माल वाळून बूच बसतं, दरवेळी टाचणी घालावी लागते, आणि मग दाबलं की एकदम भसकन येतं, बेसिन, नळ, बनियन सगळीकडे पांढरे डाग. चांगला टॉवेल वापरू नका. शेवटचा माल बाहेर येतच नाही, मी ट्यूब कात्रीने कापली तर आत अजून चार-पाच वेळा पुरेल इतकं निघालं, ते छोट्या डबीत काढून ठेवलं आणि आठवड्याभरात त्याची वीट झाली. घट्ट झाकणाची डबी घ्या नाहीतर कापू नका.

पैशांचा हिशोब मात्र आईलाही पटला. रोज दोनदा पूर्ण तोंडाला लावत होतो तेव्हा तीन आठवडे व्हायच्या आत अर्ध्याहून जास्त ट्यूब गेली होती. आता फक्त टी-झोनला, आठवड्यातून दोनदा, जूनमध्ये जी उरली होती तीच गणपतीपर्यंत पुरली. दुसरी ट्यूब आणायला परत त्याच दुकानात गेलो तर तीच मुलगी काउंटरवर, म्हणाली, सर एवढ्या दिवसांनी? रोज नाही वापरत का?

मी म्हटलं, पाणी नसतं.