बाळंतपण टोकियोत की माहेरी?

टोकियोतल्या निशिकासाईच्या किराणा दुकानात तूरडाळ आणि पोह्यांची पाकिटं घेऊन रांगेत उभा असलो की वर्षातून दोनदा तरी मला हा प्रश्न येतो. विचारणारा बहुतेक वेळा तिशीच्या आतबाहेरचा, पाठीला लॅपटॉपची बॅग, बायकोला दुसरा-तिसरा महिना. "तुमचं कुठे झालं?" आमचं दोन्हीकडे झालं. थोरली २०१९ साली पुण्यात, धाकटा २०२५ च्या मे महिन्यात टोकियोत. रांगेत अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतो.

बाळंतपणाला माहेरी जायची पद्धत फक्त आपलीच, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. जपानी बायकाही जातात. त्याला 'सातोगाएरी शुस्सान' असा रीतसर शब्द आहे. त्यामुळे ऑफिसात "बायको आईकडे जातेय" म्हटल्यावर कुणी भुवया उंचावत नाही. फरक एवढाच की त्यांचं माहेर शिंकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, दोन-तीन तासांवर असतं, आणि आपल्या माहेराच्या वाटेत इमिग्रेशनचं ऑफिस लागतं.

हे इमिग्रेशन प्रकरण नीट समजून घ्या, कारण घरी जाताना कुणी त्याचा हिशोब करत नाही. बाळ भारतात जन्मलं की आधी नावासह जन्मदाखला, मग पासपोर्ट, मग तुम्ही इथे जपानमध्ये त्याच्यासाठी सीओईचा, म्हणजे व्हिसाआधी लागणाऱ्या पात्रता प्रमाणपत्राचा, अर्ज करायचा. त्याला एक ते तीन महिने लागतात. तो कागद आला की भारतातून व्हिसा. आमची मुलगी नारिता विमानतळावर उतरली तेव्हा पाच महिन्यांची होती. मधल्या काळात मी दहा दिवस जाऊन आलो, बाकी सगळं व्हिडिओ कॉलवर. पुण्यात रात्रीचे साडेनऊ म्हणजे इथे एक वाजलेला, आणि सकाळी दहाला ऑफिसची स्टँडअप मीटिंग. ती इथे आल्यावर पहिला आठवडाभर मी बोललो की माझ्या तोंडाकडे न बघता हातातल्या फोनकडे बघायची. आवाज तिथून येतो अशी तिची खात्री होती.

बायकोचं रेसिडेन्स कार्ड कधी संपतंय तेही बघा. भारतात बसून त्याचं नूतनीकरण होत नाही. निघताना विमानतळावरच्या फॉर्मवर परत येणार असल्याच्या चौकोनात खूण करायची आणि वर्षाच्या आत परतायचं.

टोकियोत जन्म झाला तर कागदं कमी नाहीत, पण सगळी तुमच्या हाताशी असतात. चौदा दिवसांत कुयाकुशोत, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, जन्माची नोंद, तीस दिवसांत इमिग्रेशनला बाळाच्या रेसिडेन्स स्टेटसचा अर्ज, आणि वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदणी. इथे जन्मलं म्हणून बाळ जपानी नागरिक होत नाही, आई-वडील दोघेही परदेशी असतील तर नाहीच. जन्माच्या फॉर्मवर नाव काताकानात लिहायचं असतं. त्या लिपीत ल आणि र एकच, ळ तर नाहीच. घरात 'लीला' ठरलेलं असेल तर कुयाकुशोत 'रीरा' ऐकायची तयारी ठेवा.

आता माहेरची बाजू, कारण ती हलकी नाही. पुण्यात मालिशवाली बाई रोज सकाळी यायची, बाळाचं आणि बाळंतिणीचं दोघांचं करायची. मग शेक, धुरी, डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, दुपारी शेपू आणि भाकरी. सासूबाई रात्री बाळाला घेऊन बसायच्या, म्हणून बायकोला सलग चार तास झोप मिळायची. ही झोप जपानमध्ये कुठल्याही पैशाने इतकी सहज मिळत नाही.

टोकियोत साध्या प्रसूतीनंतर साधारण पाच दिवस हॉस्पिटलात ठेवतात. त्या पाच दिवसांत नर्सेस आणि सुईणी आंघोळ घालण्यापासून दुधाची नोंद ठेवण्यापर्यंत सगळं इतकं नीट शिकवतात की मी अक्षरशः वहीत उतरवून घेतलं. जेवण मात्र शाकाहारी माणसाची परीक्षा. मासा बाजूला काढता येतो, पण मिसो सूपमध्येच कात्सुओ माशाचा अर्क असतो. आमच्या हिने पाच दिवस भात, टोफू, केळी आणि मी डब्यातून नेलेला मेथीचा लाडू यांवर काढले. लाडू बघून सुईणीने त्यात काय काय आहे ते विचारून लिहून घेतलं. सहाव्या दिवशी घरी आलो, दार लावलं आणि दोन खोल्यांत इतकी शांतता की फ्रिजचा आवाज ऐकू येत होता. बाळ रडेपर्यंत.

त्या शांततेवर दोन उपाय आहेत. एक म्हणजे आईला बोलावणं. नातेवाइकांना भेटायचा अल्पकालीन व्हिसा जास्तीत जास्त नव्वद दिवसांचा मिळतो. प्रसूतीच्या तारखेच्या दहा दिवस आधीचं तिकीट काढा, फार लवकर बोलावलंत तर तिचे दिवस वाट बघण्यातच जातात. तुम्ही हायली स्किल्ड व्हिसावर असाल, घरचं वार्षिक उत्पन्न ऐंशी लाख येनांच्या वर असेल, तर गरोदर बायकोच्या मदतीसाठी किंवा सात वर्षांखालच्या मुलाच्या संगोपनासाठी आई-वडिलांना जास्त काळ आणता येतं. एकाच बाजूच्या आणि एकत्र राहण्याच्या अटीवर. बरेच प्रोग्रामर त्या व्हिसाला पात्र असतात आणि आळसापोटी साध्या इंजिनिअर व्हिसावरच राहतात. मीही त्यातलाच होतो. दुसरा उपाय म्हणजे कुयाकुशोची प्रसूतीनंतरची काळजी योजना, 'सानगो केआ'. थोड्या पैशात आई आणि बाळ एक-दोन रात्री केंद्रात राहतात, सुईण बाळाकडे बघते, आई झोपते. आम्ही दोन रात्री घेतल्या. आधी नाव नोंदवून ठेवावं लागतं, बाळ झाल्यावर फॉर्म भरायचं त्राण नसतं.

पैशांचं थोडक्यात. साधी प्रसूती आरोग्य विम्यात बसत नाही, सिझेरियन बसतं. त्याऐवजी विम्याकडून एकरकमी पाच लाख येन मिळतात. टोकियोत बिल सहसा सहा लाखांच्या वर जातं, वेदनारहित प्रसूती हवी असेल तर आणखी, आणि ती सगळीकडे मिळतही नाही. भारतात बाळंतपण झालं तरी तुमच्या जपानी विम्याकडून ४ लाख ८८ हजार मागता येतात, जन्मदाखल्याच्या जपानी भाषांतरासह. हे अनेकांना माहीतच नसतं. मुलांचा भत्ता मात्र मूल जपानमध्ये राहत असेल तरच: तीन वर्षांपर्यंत महिना १५ हजार येन, ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता. शिवाय २३ वॉर्डांत अठराव्या वर्षापर्यंत मुलांच्या डॉक्टरला खिशातून पैसे द्यावे लागत नाहीत. निव्वळ आकड्यांत टोकियो पुढे आहे, पण या कारणासाठी निर्णय घेऊ नका.

माझ्या मते निर्णय बापाच्या रजेवर घ्यावा. २०१९ मध्ये मी रजा मागायचाही विचार केला नव्हता. ऑक्टोबर २०२२ पासून बाळाच्या पहिल्या आठ आठवड्यांत बापाला चार आठवडे वेगळी रजा मिळते, दोन तुकड्यांत घेता येते, आणि नंतरची नेहमीची संगोपन रजा वेगळी. पहिले १८० दिवस पगाराच्या ६७ टक्के मिळतात. एप्रिल २०२५ पासून त्यात २८ दिवसांपर्यंत आणखी १३ टक्के. कर आणि विम्याचे हप्ते कापले जात नसल्याने ऐंशी टक्के म्हणजे जवळपास हातात येणारा पूर्ण पगार. 'जवळपास' यासाठी की या रकमेला वरची मर्यादा आहे, ६७ टक्क्यांच्या हिशोबात महिन्याला तीन लाख येनांच्या थोडी वर. सिनियरचा पगार असेल तर फरक चांगलाच जाणवतो, बचत धरून चाला.

रजेआधी हिकित्सुगीचं, म्हणजे काम सोपवण्याचं डॉक्युमेंट नीट लिहा आणि ऑन-कॉलच्या, म्हणजे सिस्टीम बिघडली की अपरात्रीही बोलावतात त्या, यादीतून नाव काढून घ्या. मी काढलं नव्हतं. बाळ अकरा दिवसांचं असताना पहाटे तीनला पेजर वाजला, डाव्या हातावर बाळ आणि उजव्या हाताने रोलबॅक, म्हणजे बिघडलेला बदल मागे घेणं. दुसऱ्या दिवशी टीम लीडने माफी मागितली, पण चूक माझीच होती.

लसींचं फार मनावर घेऊ नका. भारतात बीसीजी जन्मतःच देतात, इथे पाच महिन्यांनंतर नऊ सुयांचा शिक्का दोनदा दाबून. भारतातलं कार्ड घेऊन वॉर्डच्या आरोग्य केंद्रात गेलात की पुढचं वेळापत्रक ते जुळवून देतात. पाळणाघराचं मात्र डोक्यात ठेवा. सरकारमान्य हॉइकुएनचे प्रवेश मुख्यतः एप्रिलचे, अर्ज आदल्या वर्षाच्या हिवाळ्याच्या तोंडाशी. आई नोकरी करत असेल आणि बाळ तेव्हा पुण्यात सीओईची वाट बघत असेल तर पुढचं वर्ष अवघड जातं.

तर तुम्हाला किमान दोन महिने रजा मिळत असेल आणि दोघांपैकी एकाची आई नव्वद दिवस येऊ शकत असेल, तर टोकियो. दोन्ही नसेल, बायकोला जपानी येत नसेल आणि तुमच्या कंपनीत रजा म्हणजे मेलला उत्तर देत घरी बसणं असेल, तर पुणे, नाशिक, जिथे तिचं माहेर असेल तिथे. एकटी सहा आठवडे काढणं वाईट असतं, त्यापेक्षा पाच महिने व्हिडिओ कॉल परवडतो. दोन्हींपैकी एकच असेल तर मी रजेला वजन देईन. आई नसली तर वरण-भात मीही लावू शकतो.

आणि हे बायकोला विचारा, सासूबाईंना नंतर. बाराव्या आठवड्याच्या आत विचारा, कारण टोकियोतल्या मागणी असलेल्या हॉस्पिटलांत प्रसूतीची नोंदणी तेवढ्यात भरते. विमानाचं तर बहुतेक कंपन्या छत्तिसाव्या आठवड्यानंतर घेत नाहीत, त्याआधीही डॉक्टरचं पत्र मागतात. नोंदणीची आगाऊ रक्कम सहसा परत मिळत नाही. आमची २०१९ मधली पन्नास हजार येन अशीच गेली, कारण आम्ही विसाव्या आठवड्यात मत बदललं.