‘नकाशावर नसलेलं तळं’ आणि पाच किलोंचा ट्राउट : काश्मीरमध्ये असा घातला जातो गंडा

जाहिरातीच्या फोटोत एकाने दोन्ही हात कॅमेऱ्याकडे ताणून मासा धरलेला असतो. मागे बर्फाचे डोंगर, निळं पाणी. खाली मजकूर: ग्रेट लेक्स ट्रेकच्या वाटेपासून एक दिवस आत, माणसाचं पाऊलही न पडलेलं तळं, पाच-पाच किलोंचे ब्राउन ट्राउट, परवाना आमच्याकडे, सहाच जागा, निम्मे पैसे आजच्या आज. पुण्या-मुंबईचे चांगले अनुभवी ट्रेकरही यात अडकतात. गर्दी नसलेल्या पाण्याची ओढ खरी असते आणि नेमका तिचाच फायदा घेतला जातो.

खरं तर ही थाप पहिल्याच वाक्यात उघडी पडते. ट्राउट काश्मीरचा मूळचा मासा नाही. ब्रिटनहून आणलेली अंडी १९०० च्या सुमारास इथे जगली आणि पुढे माणसांनीच हा मासा ओढ्या-तळ्यांत सोडला. तिथून तो प्रवाहाने वर सरकतो, पण उंच धबधबा आडवा आला की थांबतो. म्हणजे तळ्यात ट्राउट असेल तर कोणीतरी तो तिथे नेऊन सोडलेला असतो, नाहीतर खालून चढायला वाट असते. पाऊल न पडलेलं तळं आणि त्यात ट्राउट, या दोन गोष्टी सहसा एकत्र नांदत नाहीत. विशनसर, गडसर, गंगबल या तळ्यांत ट्राउट आहेत, हे खरं. काश्मिरीत ‘गाड’ म्हणजे मासा आणि ‘सर’ म्हणजे तळं. या खऱ्या माहितीच्या आधारावरच पुढचं खोटं खपवलं जातं.

आता फोटो मोठा करून पाहा. ब्राउन ट्राउटचं अंग पिवळसर तपकिरी असतं. त्यावर काळे ठिपके आणि त्यांच्यात लाल ठिपके, भोवती फिकट कडं. कुशीवर गुलाबी पट्टा आणि शेपटीवरही बारीक काळे ठिपके दिसले तर तो रेनबो ट्राउट. काश्मीरमधल्या मत्स्यपालन केंद्रांतून वाढवतात तो प्रामुख्याने हाच. पाठीवरचा पर झिजून बोथट झालेला, शेपटीची टोकं गोल झालेली, असा मासा बहुधा सिमेंटच्या हौदात, दाटीवाटीत वाढलेला असतो.

वजनाचाही हिशेब करता येतो. लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिला घेराने दोनदा गुणा आणि २९,००० ने भागा. साधारण किलो मिळतात. पाच किलोंचा ट्राउट ७० सेंमी लांब असेल तर त्याचा घेर ४५ सेंमीच्या आसपास हवा, म्हणजे अंगाची उंची जवळजवळ दोन तळव्यांच्या रुंदीएवढी. फोटोतल्या माशाच्या पोटाखालचा तळवा मोजा. मासा हाताच्या पंजात मावत असेल तर तो अर्ध्या किलोचाही नसतो. हात कॅमेऱ्याकडे ताणल्यामुळे तो मोठा दिसतो.

तळ्याचे अक्षांश-रेखांश मागा. ‘सीक्रेट आहे, सांगता येत नाही’ असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. मिळाले तर सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रं फुकट पाहता येतात, तारीखवार. तळं महिनोन्‌महिने गोठतं का, आणि तिथून ओढा बाहेर पडतो का, हे बघा. पाणी दुधाळ असेल तर त्यात हिमनदीने दळलेल्या खडकाची भुकटी तरंगत असते. उजेड आत जात नाही, खाद्य वाढत नाही. अंडी घालायला ट्राउटला वाहतं, स्वच्छ पाणी आणि बारीक गोटे लागतात; ते जवळपास नसतील तर पुन्हा पुन्हा मासे सोडल्याशिवाय वंश टिकत नाही. साडेतीन हजार मीटरवर खाण्याचे महिने मोजकेच मिळतात. मोठा मासा अगदीच अशक्य नाही, पण ‘पाच-पाच किलोंचे’ असं अनेकवचन कोणी वापरलं तर विश्वास ठेवू नका.

परवान्याची फसवणूक सगळ्यात महागात पडते. मत्स्य विभागाचा परवाना व्यक्तीच्या नावाचा, तारखेचा आणि ठरावीक पाण्यापुरता असतो. व्हॉट्सॲपवर येते ती जुन्या परवान्याची झेरॉक्स, नावाच्या जागी बोट किंवा धूसर डाग. ‘ग्रुप परमिट आहे’ म्हणाले तर स्वतःच्या नावाची प्रत मागा आणि त्याच विभागाच्या कार्यालयात दाखवून घ्या. या वाटेवर लष्कराच्या चौक्या आहेत, ओळखपत्रं तपासली जातात. आडवाटेने नेतो म्हणणारा माणूस तुम्हाला संकटात टाकतो आहे.

सोनमर्गला पोचल्यावर पुढचा अंक सुरू होतो. खिंड बंद आहे, घोड्याचे वेगळे पैसे लागतील, तळ्याचा बर्फ यंदा उशिरा वितळला. मग नेतात रोजच्या वाटेवरच्या विशनसरला. कुरकुर केली तर ‘रिफंड’ म्हणून क्यूआर कोड येतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की उरलेलेही जातात.

महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, हे अनेकांना श्रीनगरला उतरल्यावर कळतं. त्यामुळे फसल्याचं लक्षात आलं तरी बँकेला फोन लागत नाही. गटात निदान दोघांकडे पोस्टपेड हवं. व्यवहार क्रमांक कागदावर लिहून ठेवा, चॅट पुसू नका आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा. पैसे काढून घेतले जायच्या आत तक्रार पोचली तर ते गोठवले जाण्याची शक्यता असते.